पान एकशे बारा

इंदिरानगर, नाशिक
२ जानेवारी २००३

सौ. मंजूताई यांना,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण मागच्या वेळी फोनवर आपण दोघी जे बोललो ते आईंनी हॉलमध्ये बसून ऐकलं आणि नंतर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. सासूबाईंनी सून आणि लेक दोघींचं भांडण एकाच वेळी ऐकणं बरं दिसत नाही. शिवाय फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. कागदावर ती सोय आहे.

काम असं. यंदा आमच्या गोदाछाया सोसायटीचं संक्रांतीचं हळदीकुंकू एकत्र आहे, आणि मी सेक्रेटरी झाल्यामुळे वाणाचं माझ्या गळ्यात पडलंय. दरवर्षी स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे. बायकांच्या घरात आता वाट्या ठेवायला जागा नाही. मला एकदम तुमची कादंबरी आठवली. प्रकाशकानं दुकान बंद करताना ‘निवांतपूर’चे उरलेले गठ्ठे तुमच्याकडे पाठवले होते, ते अजून पलंगाखालीच आहेत ना? इगतपुरीच्या ओलीत बुरशी धरण्यापेक्षा चाळीस घरांत तरी जातील. तुमचे भाऊ म्हणाले, "तिला विचारू नकोस, लागेल तिला." मी म्हटलं, लागलं तर लागू दे, पुस्तकं तर सुटतील.

मी ती वाचलेली नाही. दर दिवाळीत तुम्ही त्याची आठवण करून देता, म्हणून आधीच लिहून टाकते.

आई बऱ्या आहेत. मखमलाबादची सरुबाई फुलवाली आमच्या गेटबाहेर बसते, तिच्या गोणपाटावर बसून रोज सकाळी गजरे ओवतात. घरातल्या देवासाठी हार करा म्हटलं तर मान दुखते. तिथे दुखत नाही.

प्रतिभा


रेल्वे क्वार्टर्स, इगतपुरी
७ जानेवारी २००३

सौ. वहिनी,

पुस्तक म्हणजे वाटी नव्हे, एवढं लिहून पत्र संपवणार होते.

पण पुस्तकं पाठवते आहे. यांनी गठ्ठे शटलनं पाठवायची सोय केली आहे, दिनेशदादाला म्हणावं नाशिकरोडला उतरवून घे. वाटताना बायकांना सांगा की ही करमणुकीची गोष्ट नाही. निवांतपूर नावाच्या एका शहराची ती गोष्ट आहे. तिथे कोणी कोणाला मारत नाही, कोणी उपाशी नाही, आवाज नाही, आणि तरी वाचणाऱ्याचा श्वास कोंडला पाहिजे. मी ती भीतीपोटी लिहिली. पुढे असं होईल, सावध राहा, हे सांगायला लिहिली. दहा वर्षांत ते कोणी ऐकलं नाही, तुम्ही तर नाहीच.

प्रत्येक प्रतीवर सही केली आहे. कोणी मागितली नव्हती, माहीत आहे.

मंजुषा


इंदिरानगर, नाशिक
३ मार्च २००३

मंजूताई,

आधी खाली बसा. तुमचं पुस्तक लोकांनी वाचलं.

वाण हातात पडल्यावर दोघीतिघी ‘यापेक्षा वाटी बरी’ असं पुटपुटल्या, ते मी ऐकलं. पण फेब्रुवारीत सोसायटीत चोरी झाली. तळमजल्यावरून गॅसची टाकी गेली, पार्किंगमधून स्कूटर गेली. बायका दुपारी दारं लावून घरात बसू लागल्या आणि बसल्या बसल्या तुमचं पुस्तक उघडलं. एकीनं वाचलं, तिनं दुसरीला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या लताबाई, त्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी तर पेन्सिलनं खुणा करत वाचलं. मग मीही वाचलं. एका बैठकीत.

काय शहर आहे हो! रस्ते धुतलेले, नळाला चोवीस तास पाणी, लाऊडस्पीकर नाही, कोणी कोणाच्या दारात कुंडीचं पाणी सोडत नाही. आणि कोण कुठे आहे हे नेहमी कोणालातरी माहीत असतं. आमच्याकडे सिंहस्थ तोंडावर आलाय. पावसाळ्यात शहर भरून जाईल, कोण कुठला काही कळणार नाही. तेव्हा गेल्या रविवारी सभा घेतली. कामाला येणाऱ्या बायकांच्या हाताला हिरवी फीत, पान एकोणतीसप्रमाणे. सकाळी सहाला आणि रात्री दहाला मल्हारी वॉचमननं शिट्टी द्यायची. चढ्या आवाजात भांडेल त्याचं नाव फळ्यावर, पान एक्केचाळीस. गेटसमोर फेरीवाल्यांनी बसायचं नाही. आणि सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांच्या मनगटाला पांढरी फीत, चिठ्ठीशिवाय गेटबाहेर जायचं नाही. ठरावाखाली लताबाईंनी ‘संदर्भ: निवांतपूर’ असं लिहून तुमचं नाव घातलं. आडनाव चुकवलं होतं, मी दुरुस्त केलं.

टाळ्या पडल्या. तुमचे भाऊ म्हणाले, "मंजीनं काहीतरी उपयोगाचं लिहिलं म्हणायचं."

अभिनंदन करायला हे पत्र. तुम्हाला ते टोमणा वाटेल, पण नाही.

प्रतिभा


इगतपुरी
८ मार्च २००३

वहिनी,

तुमचं पत्र मी स्टाफरूममध्ये उघडलं. आधी वाटलं चेष्टा आहे. तुमची चेष्टा अशीच असते, कोरड्या तोंडाची. मग पानांचे आकडे बघितले आणि हातातला चहा खाली ठेवला.

निवांतपूर हा नरक आहे. मी तो नरक म्हणून लिहिला. रस्ते धुतलेले आहेत, कारण त्यांवर कोणी घडीभर थांबत नाही. शांतता आहे, कारण बोलायची भीती आहे. पान एकशे बारा वाचलंत का? म्हातारा गेटशी येतो आणि पहारेकऱ्याला म्हणतो, ‘बाबा, गेट उघड, नदी बघून येतो.’ पहारेकरी काहीच बोलत नाही. तो दुष्ट नाही, म्हणूनच तर बोलत नाही. ते पान लिहिताना मी रडले होते. आणि तुम्ही त्या पानावरून फितीचा रंग उचललात?

शेवटी कळतं की गेटला कुलूप कधी नव्हतंच, तरी कोणी बाहेर पडत नाही. तिथे तुमच्या लताबाईंनी पेन्सिलनं काय लिहिलं, तेवढं कळवा.

फिती काढा. सभेत सांगा की लेखिका म्हणते, तुम्ही पुस्तक उलटं धरून वाचलंत. आणि आईच्या हाताला ते काही बांधलेलं असेल तर आज काढा.

मंजुषा


इंदिरानगर, नाशिक
१५ मार्च २००३

मंजूताई,

लताबाईंना विचारलं. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलंय, ‘छान, समाधानी शेवट.’

आता माझ्यावर ओरडून काय उपयोग? वाईट शहर दाखवायचं होतं तर वाईट दाखवायचं होतं. तुम्ही त्यात नळाला पाणी कशाला सोडलंत? तुमच्या गावाला धरणांचा शेजार आहे. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, तेही दमून, तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. वर रात्री कोपऱ्यावरच्या लग्नाच्या लॉनचा बँड. तुमचं शहर वाचून मला भीती नाही वाटली, हेवा वाटला. भीती वाटायला माणूस आधी निवांत असावा लागतो, ताई. तुम्ही होतात. मला तेवढी सवड कधी मिळाली नाही.

आणि नरकाचं म्हणाल तर तो तुम्ही कुठून आणलात ते मला पुस्तक वाचताना कळलं. तुमच्या वर्गात मॉनिटर असतो ना? तुम्ही ऑफिसात गेलात की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो तो? प्रार्थनेला शिट्टी कोण वाजवतं? नखं कोण तपासतं, रांग वाकडी झाली की पाठीत बोट कोण खुपसतं? मागे एकदा मी तुमच्या शाळेत डबा द्यायला आले होते, तेव्हा व्हरांड्यात उभं राहून बघितलंय. तुम्ही शिट्टी वाजवली की शिस्त, मल्हारीनं वाजवली की नरक. तुमचं निवांतपूर म्हणजे पाचवी ब आहे, फक्त मुलं मोठी झालीत.

फिती राहतील. माझ्याकडे भांड्याला कुसाबाई येते, ती जाताना फीत आमच्या फ्रिजच्या दांड्याला बांधून ठेवते आणि सकाळी आल्यावर घालते. म्हणते, "बांगड्यांवर शोभत नाय वं वहिनी, गेटापुरती घालती." तिला कळतं ते तुम्हाला कळू नये.

आईंच्या हाताला आहे. राहील.

प्रतिभा


इगतपुरी
९ जून २००३

वहिनी,

सुट्टीत तुमच्याकडे राहिले आणि तोंडावर काही बोलले नाही, कारण आईसमोर नको होतं. आता लिहिते.

पहिल्या सकाळी आई अंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून, सुईदोरा घेऊन निघाली. मी मागे होते. गेटशी मल्हारी स्टुलावरून उठला.

"आजी, चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी रे? सरू बसलीय ना समोर."

"चिठ्ठीबगर सोडायचं नाय म्हनलेत."

"मल्हारी, गेट उघड की रे बाबा. तिची फुलं सुकतील."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "ताई, मला बोलू नका. नोकरी जाईल माझी."

रस्त्यापलीकडे सायकलच्या दुकानाशी सरुबाई उन्हात बसली होती. तिनं तिकडून हात केला. "ऱ्हाऊ द्या माय, मीच येती!" रस्ता ओलांडून ती आली आणि गेटच्या गजांतून तिनं आईच्या ओंजळीत मोगरा ओतला. अर्धा खाली सांडला. मग माझी आई गेटच्या आत उभी राहून, गजाला खांदा टेकवून गजरा ओवत बसली. बसली कसली, उभीच होती. बाहेर सरुबाई उभी, तिचं गिऱ्हाईक पलीकडे खोळंबलेलं. आईच्या मनगटावर तुमची पांढरी फीत. येणारेजाणारे "काय आजी, झाला का गजरा?" म्हणत होते, जसं पिंजऱ्याशी थांबून म्हणतात.

वहिनी, हे मी लिहिलं नव्हतं. मला सुचलं नसतं. माझा म्हातारा गेटशी एकदाच येतो. आई रोज येते.

तुम्हाला सत्ता आवडते, हे माझ्या लग्नात तुम्ही सगळ्यांना पंगतीला पाट मांडायला लावलेत तेव्हाच मला दिसलं होतं. सोसायटीवर चालवा. माझ्या आईवर नको. मी तिला इकडे आणणार आहे. दादाला मी वेगळं लिहीत नाही, तुमचं ऐकतो तो.

मंजुषा


इंदिरानगर, नाशिक
१३ जून २००३

मंजूताई,

न्या. पण हे वाचून मग न्या.

जानेवारीच्या शेवटी, पुस्तकं वाटून झाल्यावर थोड्याच दिवसांनी, आई दुपारी अनवाणी घराबाहेर पडल्या. मला वाटलं सरुबाईपाशी असतील. चहाला हाक मारायला गेले तर गोणपाटावर कोणी नव्हतं. मी आणि तुमचे भाऊ सीबीएसच्या एस.टी. स्टँडपासून महामार्ग स्टँडपर्यंत प्रत्येक गाडीत डोकावलो. दिवेलागणीला सरुबाई स्वतः घरी आली. म्हणाली, "दुपारी स्टँडावर आजी निफाडच्या गाडीत चढताना दिसल्या मला. म्हनलं सोयऱ्याकडं चालल्या असतील. आता ध्यानात आलं, पायात चपला नव्हत्या."

निफाडला त्यांच्या माहेरच्या घराच्या जागी आता खतांचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर बसल्या होत्या. दुकानदाराला सांगत होत्या, "आबांना म्हणावं मी आलेय." आबा म्हणजे तुमचे आजोबा. मी हात धरला तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कोण, बाई?" बावीस वर्षं मी त्यांना जेवायला वाढतेय.

तुम्हाला कळवलं नाही. तुमचे भाऊ म्हणाले, मंजीला कळलं तर आधी रडेल आणि मग लिहील.

आता फितीचं. पांढऱ्या फितीच्या आतल्या बाजूला आमचा फोन नंबर आहे. लाँड्रीच्या शाईनं लिहिलाय, धुतला तरी जात नाही. तुम्ही सुट्टीभर राहिलात, आईंचा हात हातात घेऊन बसलात, फीत उलटून बघितली नाहीत. तुम्ही फितीकडे बघत होतात, आईंकडे नाही.

एकट्या आईंच्या हाताला बांधली असती तर दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या सोसायटीनं त्यांना वेडी म्हातारी म्हटलं असतं. तुमच्या पुस्तकात सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना होती. वाचता वाचता मी तिथेच थांबले. म्हटलं, सगळ्यांना असेल तर कोणाचंच काही नाही. ती एक फीत मंजूर व्हावी म्हणून मला लताबाईंचा फळा मान्य करावा लागला, हिरवी फीत, शिट्टी, सगळंच. मला कुठे हवा होता फळा? त्यावर पहिलं नाव माझंच लागलं.

म्हणून म्हणते, न्या. मला सत्ता आवडते ना? तुम्ही चालवून बघा थोडे दिवस.

प्रतिभा


इगतपुरी
१७ जून २००३

वहिनी,

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. आईचे कपडे भरून ठेवा.

फीत काढून घ्या, ती तुमची आहे. माझ्या घरात आईच्या हाताला नंबर बांधायची वेळ येणार नाही.

मंजुषा


इंदिरानगर, नाशिक
२० जुलै २००३

मंजूताई,

महिना झाला. पत्र नाही. फोन लावला की नुसती खरखर, तुमच्याकडच्या तारा पावसात असतात की नसतात कोण जाणे. तुमचे भाऊ म्हणतात, बातमी नाही म्हणजे सगळं ठीक. पुरुषांचं बरं असतं.

सरुबाई येताजाता विचारते, "माय कवा येनार?" मी सांगते, हवापालटाला गेल्यात. तुमच्या त्या पावसात कसली हवा आणि कसला पालट, पण सांगते.

सोबत लसणाची चटणी पाठवतेय. आईंना मऊ भातावर लागते. तुमच्यासाठी नाही.

प्रतिभा


इगतपुरी
२६ जुलै २००३

सौ. वहिनी,

चटणी मिळाली. आई आनंदात आहे. इथली हवा तिला मानवली. सकाळी खिडकीत बसून पाऊस बघते, अगदी आनंदात असते. तिला रानातला तेरडा आणून देते, इथे पावसात टेकड्या त्यानं भरून जातात, त्यामुळे फुलांचीही हौस भागते. संध्याकाळी आम्ही मायलेकी गप्पा मारतो, जुन्या आठवणी निघतात, दोघींना आनंद होतो.

काळजीचं काही कारण नाही.

मंजुषा


इंदिरानगर, नाशिक
१ ऑगस्ट २००३

मंजूताई,

एवढ्याशा पत्रात तीनदा आनंद आलाय. तुमच्या पुस्तकात जिथे भयंकर काही व्हायचं असतं त्याच्या आधीच्या पानावर तुम्ही असंच करता. माझं आता दुसऱ्यांदा वाचून झालंय.

काय झालं ते लिहा.

प्रतिभा


इगतपुरी
७ ऑगस्ट २००३

वहिनी,

ओळखलंत, आणि ओळखलंत याचाही मला रागच आला.

आल्याच्या आठवड्यातच आई दोनदा स्टेशनकडे गेली. इथे पावसाळ्यात धुकं असं उतरतं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही. दुसऱ्या वेळी ती रुळांच्या कडेनं चालत होती. यांच्या हाताखालच्या एका माणसानं तिला धरून आणलं, "बाईंच्या आई ना या?" म्हणून. ओळखली म्हणून आणली. नसती ओळखली तर त्याला कुठून कळणार होतं, कोणाची कोण, कुठे पोचवायची? तेव्हा मला तुमची लाँड्रीची शाई आठवली आणि मी तो विचार झटकून टाकला.

त्या दिवसापासून मी शाळेत जाताना दाराला बाहेरून कडी घालते. यांची ड्यूटी कधीही असते. शेजारीण मधूनमधून खिडकीतून डोकावते. मनाशी म्हणत राहिले, ही कडी आहे, गेट नाही. मी लेक आहे, सोसायटी नाही.

तेरड्याचं खरं काय ते ऐका. फुलला त्या पहिल्याच दिवशी मी टोपलीभर आणला. आईनं सुई घातली की पाकळी फाटायची. चारपाच फुलं बघितली आणि टोपली माझ्याकडे सरकवली. "हे ओवायचं फूल नाही गं." तेव्हापासून ती नुसता दोरा घेऊन बसते. सुईत दोरा असतो, दोऱ्यात काही नसतं. बोटं चालू असतात. संध्याकाळी मला तो दोरा देते, "केसात माळ" म्हणते. मी माळते.

परवा पावसामुळे शाळा लवकर सोडली. दाराशी येऊन छत्री मिटत होते, तर आतून आवाज आला. अगदी जवळून. दाराला गाल लावून उभी असावी.

"मल्हारी. ए मल्हारी. गेट उघड की रे बाबा."

मी छत्री खाली ठेवून कडीला हात घातला.

"सरू निघून जाईल रे. तू चांगला आहेस, मला माहितीय. एवढं उघड."

वहिनी, माझी आई माझ्याशी इतक्या अदबीनं कधी बोललेली नाही. मला ती ‘मंजे’ म्हणते, अजून पाठीत धपाटा घालते. माझा हात कडीवर होता. तरी उघडेना. दार उघडलं तर आत कोण म्हणून जायचं, ते मला कळेना. ती आत वाट बघत होती, बाहेर माझ्या पदरावरून पाणी गळत होतं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काहीच बोलत नाहीये. पान एकशे बारा. ते पान लिहिताना मी म्हाताऱ्यासाठी रडले होते. दाराच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते मला ठाऊकच नव्हतं. तरी मी ते लिहिलं.

उघडलं शेवटी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मंजे, भिजलीस की. हा मल्हारी बघ ना, ऐकतच नाही."

रात्री मी ते पान काढून वाचलं. ते अपुरं आहे. त्यात दोघंच आहेत, एक बाहेर जायचं म्हणणारा आणि एक न सोडणारा. नुसतं त्याच्यामागून चालणारं तिसरं माणूस मला सुचलंच नाही. सगळं शहर उभं केलं, नळ, रस्ते, फिती, शिट्ट्या, आणि एक माणूस मागे चालायला ठेवलं नाही.

शनिवारी, सोळा तारखेला, आईला परत आणते. इथे फुलं नाहीत, सरुबाई नाही, आणि मी दिवसभर घरी नाही. फीत ठेवली असेल तर काढून ठेवा. माझाही नंबर त्याच शाईनं घाला. मी माझ्या हातानं बांधीन.

पण एक मागते. आईनं गेट उघड म्हटलं की मल्हारीनं उघडावं आणि कोणीतरी तिच्यामागे चालावं. सरुबाईपर्यंत, नाहीतर जाईल तिथपर्यंत. सुट्टीत मी चालेन. एरवीचं काय, ते मला सांगता येत नाही. सभेत मांडाल का? ‘नाही’ म्हणालात तरी आई येणारच आहे, आणि तुमच्यावरचा माझा राग गेलाय असं समजू नका.

मंजुषा


इंदिरानगर, नाशिक
१२ ऑगस्ट २००३

मंजूताई,

सभेत मांडलं. कोणी ऐकून घेईना. लताबाई म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम. एकाला सोडलं की उद्या सगळे." कोणी म्हणालं, शहरात सिंहस्थाची ही गर्दी, आणि तुम्ही म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढताय? मागून एकजण बोलला, "सेक्रेटरीबाईंच्या सासूला वेगळा न्याय का?" माझा आवाज चढला. दुसऱ्या दिवशी माझं नाव पुन्हा फळ्यावर लागलं.

मग मी पिशवीतून पुस्तक काढलं. उघडलं आणि उभी राहून मोठ्यानं वाचलं. "पान एकशे बारा. म्हातारा म्हणाला, बाबा, गेट उघड, नदी बघून येतो. पहारेकऱ्यानं गेट उघडलं. आणि निवांतपूरच्या नियमाप्रमाणे घरातलं एक माणूस म्हाताऱ्याच्या मागे चालू लागलं." वाचलं, खाली बसले आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. वर हात ठेवला.

लताबाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, "हो, हो, आठवतंय मला. फार सुंदर प्रसंग आहे तो. मी खूण केली होती तिथे." ठराव एकमतानं मंजूर. संदर्भासकट. या वेळी तुमचं आडनाव त्यांनी बरोबर लिहिलं.

कोणी पुस्तक उघडून बघितलं नाही. अर्ध्याअधिक प्रती रद्दीत गेल्यात, एक पहिल्या मजल्यावर फ्रिजच्या पायाखाली आहे. तुमचं कोणी वाचत नाही म्हणून तुम्ही दहा वर्षं हळहळलात. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं बरं वाटलं.

सकाळी आईंच्या मागे मी चालेन. मला जमणार नाही त्या दिवशी कुसाबाई जाईल म्हणाली. पण तिची अट होती, "मंग त्या फितीचं तेवढं बगा." तिच्यापुरती मी काढली. बाकीच्या बायकांचं, मल्हारीच्या शिट्टीचं आणि माझ्या नावाच्या फळ्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. तुम्हाला एखादं पान सुचलं तर कळवा, मी सभेत वाचेन.

शनिवारी येताना काळ्या शाईचं पेन आणा. निळं नको, छापील अक्षर काळं आहे. पान एकशे बाराच्या तळाशी दोन ओळींची जागा आहे, मी बघून ठेवलीय. माझ्या प्रतीत, मी सभेत जोडून वाचलेलं ते वाक्य तुमच्या हातानं लिहायचं, बारीक, सरळ. लताबाईंची प्रतही मी ‘पुन्हा वाचायचीय’ म्हणून मागून आणलीय, तिच्यातही लिहायचं. तिथे त्यांची पेन्सिलची खूण नाही, तीही तुम्हीच करा.

फीत धुऊन इस्त्री करून ठेवलीय, दोन्ही नंबर घातलेत. जेवायला मऊ भात आणि लसणाची चटणी आहे. तुमच्यासाठी वेगळं काही करणार नाही.

आणि लिहिताना रडायचं नाही. कागद हलका आहे, शाई पसरेल.

प्रतिभा